दोन स्टेशनांच्या मध्ये

तारापूर,
मंगळवार, ९ जानेवारी १९६८

ती. बाबांस,
प्रेमलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहिणार होते, पण पूर्ण खरं नाही ते लिहू नये असं तुम्हीच शिकवलंत, म्हणून नीट लिहिते.

यांचं काहीतरी चाललं आहे आणि ते मला सांगत नाहीत.

गेल्या महिन्यात कामावरच्या अमेरिकन साहेबानं यांना एक मोठं पुडकं दिलं. साहेब आता मायदेशी परत जाणार आहे. वर्तमानपत्रात बांधलेलं ते पुडकं यांनी छातीशी धरून आणलं, लहान मूल आणावं तसं. मी विचारलं, काय आहे? म्हणाले, "ऑफिसचं." तेव्हापासून संध्याकाळी आले की चहा घेतात, मागच्या खोलीत जातात आणि आतून कडी लावतात. आतून करवतीचा आवाज येतो, पण फार बारीक, उंदीर लाकूड कुरतडतो तसा. दाराच्या फटीतून वास येतो. स्पिरिटचा म्हणावा तर नाही, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा म्हणावा तर तोही नाही. डोकं दुखतं. बाहेर येतात तेव्हा शर्टाच्या बाह्यांवर पांढरा भुगा असतो.

आणखी एक गोष्ट लिहायची लाज वाटते. माझ्या पावडरीचा डबा दिवाळीत आणलेला. मी बोटभर लावते. तो अर्धा रिकामा झाला आहे.

इथल्या अणुवीज केंद्राचे नकाशे घरी आणायचे नाहीत असा कडक नियम आहे, हे यांनीच मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. हे ड्राफ्ट्समन. रात्रंदिवस यांच्या हाताखालून तेच नकाशे जातात. पासष्ट सालच्या लढाईत आपण खिडक्यांना काळे कागद लावून बसलो होतो ते मला आठवतं. बाबा, ही अशी जागा आहे की इथलं एक चिटोरं बाहेर गेलं तर माणूस जन्मातून उठेल.

मला दोन प्रश्न आहेत. ते खोलीत नसताना मी टेबलावर बघितलं तर ती चोरी होईल का? आणि काही वाईट दिसलं तर मी कोणाची, यांची की सरकारची?

कृपा करून बंद पाकिटात उत्तर द्या. कार्ड इथे दहा हातांतून येतं.

तुमची,
प्रेमला

•

पालघर,
१२ जानेवारी

चि. सौ. प्रेमलास अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. 'चिटोरं' बरोबर लिहिलेस, 'कृपा'चा 'कृ' पुन्हा गिरव. बंद पाकिटाची आवश्यकता नाही. ज्याला आडोसा लागतो ते लिहूच नये, हा माझा चाळीस वर्षांचा नेम आहे. सिन्नर सोडून इथे शाळेवर आलो तेव्हापासून एकही पाकीट घेतलेले नाही. कार्डात जागा कमी म्हणून बारीक लिहितो, चष्मा लावून वाच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : होय, चोरी. तू चौथीपर्यंत घरी माझ्यापुढे बसून शिकलीस. माझ्या टेबलावरचे कागद उघडे असत. कधी हात लावलास का? मात्र जमिनीवर पडलेला कागद केर काढणाऱ्याच्या हाती येतो, त्यात चोरी नाही.

दुसऱ्याचे उत्तर : आधी विचार. सरळ, समोर उभी राहून. बळवंतराव सालस मनुष्य आहेत. लग्नाच्या बैठकीत मी विचारले, रिकाम्या वेळात काय करता? तर म्हणाले, वाचन. असा मनुष्य वाईट मार्गाला जात नाही.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवतो आहे. चिक्कीत दाणे कमी आहेत, सांभाळून घे.

भगवंत मास्तर

•

तारापूर,
१६ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तुमच्या सांगण्याप्रमाणे विचारलं. समोर उभी राहून. म्हटलं, "मागच्या खोलीत तुम्ही काय करता ते मला सांगाल का?" यांनी माझ्याकडे पाहिलं, कान लाल झाले आणि हसले. म्हणाले, "वेळ आली की कळेल. तोवर मास्तरीण बनू नको." निरपराध माणसाचे कान लाल का व्हावेत?

बाबा, आता जे लिहिते ते वाचून घाबरू नका.

शनिवारी हे म्हणाले, कामावर जादा वेळ आहे. रविवारी संक्रांत, म्हणून मी शर्ट धुवायला काढला तर खिशात रेल्वेचं तिकीट. उमरोळी ते बोईसर, शनिवारचं. उमरोळीला यांचं कोण आहे? तिथे स्टेशन आहे आणि गवत आहे.

आणि काल केर काढताना कागद सापडला. जमिनीवर होता, देवाची शपथ. अर्धा दाराखाली, अर्धा बाहेर. मी तो आधी तसाच ठेवला. मग झाडून घेतलं. मग तुमचं कार्ड पुन्हा वाचलं. मग उचलला. यांचंच अक्षर. शब्द न शब्द उतरवते :

"स्टेशन ५२० व स्टेशन ७६० यांच्या मध्ये कापणे. डोके वेगळे, शेपूट वेगळे. करवत सरळ धरणे, घाई नको. दुसऱ्यातला तुकडा घालणे. जोड दिसता कामा नये. २६च्या आत."

सव्वीस म्हणजे सव्वीस जानेवारीच ना? दोन स्टेशनांच्या मध्ये काय असतं, बाबा? रूळ असतात. स्टेशनांना नावं असताना आकडे का घालावेत? कोणाला कळू नये म्हणूनच ना? कामावरची अवजड यंत्रं बोईसरलाच उतरतात. गाडीचं डोकं आणि शेपूट वेगळं करायचं तर आणखी कुठे कापतील?

कागद होता तिथे, होता तसा ठेवून दिला. रात्री यांना भात वाढला आणि स्वतःला घ्यायचा विसरले. हे म्हणाले, "ताप आहे का?" आणि कपाळाला हात लावला. हात थंड होता आणि त्याला तोच वास येत होता. तो हात मला आवडतो, हेही खरं आहे म्हणून लिहिते.

माझा संशय खरा असेल आणि मी गप्प राहिले तर पापी ठरेन. खोटा असेल आणि बोलले तर यांची नोकरी जाईल, आणि मग या घरात मी कोणत्या तोंडाने राहू?

हात जोडून सांगते, यावेळी बंद पाकीट. दोन्ही हात जोडून.

प्रेमला

•

पालघर,
१९ जानेवारी

चि. सौ. प्रेमलास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचले. तू लिहितेस त्याप्रमाणे बळवंतराव २६ तारखेच्या आत दोन स्टेशनांच्या मध्ये कापणार असतील तर विषय गंभीर आहे. परंतु ऐकीव गोष्टीवर मत बनवू नये म्हणून काल सकाळी मी स्वतः उमरोळीस उतरलो आणि रुळाच्या कडेने बोईसरपर्यंत चालत गेलो. प्रत्येक जोड पाहिला. करवतीची खूण कोठेही नाही. वाटेत एक गँगमन भेटला. त्याचे-माझे बोलणे असे :

"मास्तर, काय हरवला काय?"

"रूळ पाहतो आहे."

"आमी रोज बघताव, तुमी कशाला? रूळ हाय तितंच हाय, कुटं जात नाय." आणि विडी पुढे केली. मी ओढत नाही, त्याने स्वतःच दोन ओढल्या. म्हणाला, रूळ करवतीने कापायला चार माणसे आणि एक पहाट लागते.

यावरून दोन गोष्टी संभवतात. एक, तुझे अनुमान चूक. दोन, काम अजून व्हायचे आहे. पंचवीसपर्यंत लक्ष ठेव. मी वैतरणेच्या पुलाकडे जाऊन येतो. पाय सुजले आहेत पण चालतील.

पाकीट न वापरण्याचे कारण मागे लिहिलेच आहे.

भगवंत मास्तर

•

तारापूर,
२४ जानेवारी

बाबा,

मायना लिहायला वेळ नाही. तुमचं कार्ड पोचलं. माझ्या आधी सगळ्या आळीला पोचलं.

सोमवारी मी विहिरीवर होते. टपालवाल्यानं कार्ड घरमालकीण लाडकीबाईंकडे दिलं. त्या दांडी गावच्या, त्यांना वाचता येत नाही, पण कार्डाचा कोपरा फाटलेला आहे एवढं त्यांना दिसलं. बाबा, कोपरा फाटलेलं कार्ड! ते तर कोणी गेल्याचं कळवताना पाठवतात. मी घागर घेऊन आले तर त्या ओट्यावर बसून रडत होत्या आणि पलीकडच्या खोलीतला पुंडलिक उभा राहून मोठ्यानं वाचत होता.

"बाय, कोपरा फाटलेला बगितला," लाडकीबाई म्हणाल्या. "म्हटलं, तुजा बापूस गेला. पुंडलिकाला म्हटलं, वाच रे, कोन गेला ता. तर कोन मेलाच नाय! रूळ कापायचा काय लिवलाय यात?"

पुंडलिक कामावरच्या फाटकावर हजेरी घेतो. त्यानं कार्ड घडी करून मला दिलं. आणि आपल्या खोलीत निघून गेला. मला वाटलं, देव पावला.

मंगळवारी यांना फाटकावरच थांबवलं. दुपारी जीप आली. दोन माणसं आणि हे. मागची खोली उघडली. मी दारात उभी होते, तेव्हा पहिल्यांदा आत पाहिलं.

बाबा, टेबलावर विमान होतं. पांढरं, प्लास्टिकचं, वीतभरापेक्षा थोडं मोठं. एक नव्हे, दोन. दोन्ही कापलेली. डोकं एकीकडे, शेपूट एकीकडे. बारीक करवत, गोंदाची ट्यूब, एक गोल गुळगुळीत लाकडी दांडी आणि बशीत माझी पावडर गोंदात कालवलेली.

त्या माणसांपैकी एकानं विचारलं, "हे काय आहे?" हे म्हणाले, "खेळणं." इतक्या हळू की त्यानं पुन्हा विचारलं. मग त्यांनी सगळं खोक्यात भरलं आणि नेलं. जाताना यांना तुमचं कार्ड दाखवलं, कारण ते मी पुंडलिकाच्या मागणीवरून सकाळीच परत दिलं होतं. तो म्हणाला, साहेबाला दाखवून आणून देतो. मी दिलं, बाबा. मला वाटलं, खरं ते साहेबाला कळू दे. माझ्या हातानं दिलं.

यांनी कार्ड वाचलं. दोन्ही बाजू वाचल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

चौकशी पुरी होईपर्यंत कामावर यायचं नाही असं सांगितलं आहे. आज पहाटेच्या गाडीनं हे सिन्नरला आपल्या घरी गेले. मी डब्यात दशम्या भरल्या होत्या. डबा इथेच आहे.

स्टेशन म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. कोपरा का फाडलात?

प्रेमला

•

सिन्नर,
२७ जानेवारी

ती. मास्तरमामांस,
बळवंतचा सा. नमस्कार.

आपण कार्ड पसंत करता. पण माझं उत्तर कार्डात मावणार नाही.

विमानाच्या नकाशात नाकापासून शेपटापर्यंत इंचांनी माप घेतात आणि त्या प्रत्येक मापाला स्टेशन म्हणतात. स्टेशन ५२० म्हणजे नाकापासून पाचशेवीस इंचांवरची जागा. तिथे तिकीट मिळत नाही.

अमेरिकेत नुकतंच एक जुनं विमान मधून कापून, पुढे वीस फुटांचा आणि मागे सतरा फुटांच्या आसपासचा तुकडा घालून लांब केलं. पंख तेच, नाक तेच. आमच्या साहेबाकडे त्याचे नकाशे असलेलं मासिक होतं. तुकडे जोडून करायच्या खेळण्याच्या खोक्यात मात्र जुनं आखूड विमानच मिळतं. त्याच्याकडे अशी दोन खोकी होती, सामान जड होतं म्हणून जाताना मला दिली. दोघांतून एक लांब विमान करायचं, असं मी ठरवलं. एकातला मधला भाग काढून दुसऱ्याच्या मधे घालायचा. जोडाला आतून लाकडाचा आधार लागतो, तो उमरोळीच्या सुतारानं करून दिला. जोडावर भरायला लुकण मिळत नाही, ती पावडरीनं भागते. एवढंच.

सव्वीस जानेवारीला कामगारांच्या हस्तकौशल्याचं प्रदर्शन होतं. प्रेमलाला तिथे नेऊन टेबलासमोर उभं करायचं होतं. ते प्रदर्शन काल झालं.

आधी का सांगितलं नाही, हे आपण विचाराल. बैठकीत आपण विचारलंत, रिकाम्या वेळात काय करता? आपल्या घरात कपाटभर पुस्तकं होती. अठ्ठावीस वर्षांचा पुरुष खेळणी करतो, हे मला त्या कपाटासमोर सांगवेना. मी वाचन म्हणालो. ती माझी पहिली लबाडी, बाकीच्या तिच्याच मागे आल्या. शनिवारचा जादा वेळही त्यातलाच.

ऑफिसात साहेबानं दोन मिनिटांत स्टेशनचा अर्थ सांगितला. सगळे हसले. फाटकावरची माणसंही हसली. तरी कागद वर गेला आहे, आणि निकाल यायचा आहे. नोकरी राहील की नाही, माहीत नाही.

रूळ कापणारा ठरलो याचं फार वाटत नाही. पण मी तिच्या कपाळाला हात लावला त्या रात्रीही ती तसंच समजत होती, हे तारखांवरून माझ्या लक्षात आलं. ते गिळता येत नाही.

बळवंत

•

पालघर,
३१ जानेवारी

चि. सौ. प्रेमला,

हे पाकीट आहे. पोस्टमास्तरने दोनदा विचारले, "मास्तर, पाकीटच ना?"

बळवंतरावांचे पत्र सोबत जोडले आहे. वाच. ते मला लिहिलेले असले तरी तुझे आहे.

कोपऱ्याचे सांगतो. लिहिताना दौत कलंडली आणि कोपऱ्यावर डाग पडला. डाग पडलेला कागद मी कधी कोणाला दिलेला नाही, म्हणून तेवढा कोपरा फाडला. लोक त्याचा काय अर्थ करतात हे मला ठाऊक आहे. मी तसले काही मानत नाही, म्हणून लोकही मानत नाहीत असे धरून चाललो. आणि तू दोनदा हात जोडलेस तरी पाकीट घेतले नाही. नेम माझा होता, त्याची किंमत तुम्ही दोघांनी दिली.

काल बोईसरला उतरून एस.टी.ने त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यास सांगितले, कार्ड माझे, अक्षर माझे, मूर्खपणा माझा. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही खरंच रुळावरून चाललात?" मी म्हणालो, साडेतीन तास. त्याने चहा मागवला. पुढे काय होईल ते त्याने सांगितले नाही. खोके मात्र तुझ्याकडे पोचवण्याचे कबूल केले आहे.

बंद पाकीट कशासाठी असते ते मला आज कळले. त्यात माणसाला 'मी चुकलो' असे लिहिता येते. उघड्यावर लिहायला अजून धीर होत नाही.

बाबा

•

तारापूर,
३ फेब्रुवारी

नमस्कार.

मायना काय घालावा ते सुचत नाही, म्हणून नुसता नमस्कार. बाबांना लिहिलेलं तुमचं पत्र मी वाचलं. बाबांनी दिलं म्हणून वाचलं.

माफी मागते. तुमच्या हातचा कागद मी तुम्हाला न विचारता बाबांना उतरवून पाठवला, आणि कार्ड पुंडलिकाच्या हातात दिलं. तुम्ही कपाळाला हात लावलात त्या रात्री मी तसंच समजत होते. तो हात दूर करावा असं मात्र मला एकदाही वाटलं नाही. हेही त्याच पत्रात बाबांना लिहिलं होतं, त्यांनी ते कार्डात उतरवलं नाही.

पण खरं ते सगळं लिहायचं तर हेही लिहिते. मी तुम्हाला विचारलं होतं. समोर उभी राहून. तुम्ही हसलात आणि मला मास्तरीण म्हणालात. तेव्हा 'खेळणं' हा एक शब्द सांगितला असतात तर मी पावडरीचा सबंध डबा दिला असता.

खोकं काल आलं. पुंडलिकानंच आणलं, खाली मान घालून. लाडकीबाई त्याला म्हणाल्या, "आता जपून ठेव, इमान हाय ता, बोंबील नाय." मी सगळे तुकडे पांढऱ्या फडक्यावर मांडले. काही हरवलंय का ते पाहायला मोजू लागले, आणि मोजताना एक दिसलं. रागावू नका.

मधे घालायच्या तुकड्याची डावी बाजू आणि उजवी बाजू तुम्ही वेगवेगळी कापली आहे. उजवीकडे नऊ खिडक्या आहेत. डावीकडे आठ. मी तीनदा मोजल्या, मग लाडकीबाईंकडून मोजून घेतल्या, त्यांना विसापर्यंत येतं. डावी बाजू एका खिडकीनं आखूड आहे. तशीच चिकटवली तर विमान वाकडं होईल. दुसऱ्या विमानाच्या उरलेल्या भागातून एका खिडकीएवढा तुकडा निघेल असं वाटतं. मी कापलेला नाही. हातही लावलेला नाही, मोजायला लावला तेवढाच. ट्यूबचं झाकण सैल होतं, ते घट्ट केलं.

नोकरीचं काहीही होवो, या. राहिली नाही तर आपण दोघं मिळून बघू.

मागच्या खोलीची कडी आतून आहे. ती मी काढलेली नाही. तुम्हाला हवी असली तर राहू दे.

प्रेमला

•

सिन्नर,
८ फेब्रुवारी
(कार्ड)

सौ. प्रेमलास,

ऑफिसचं पत्र आलं. सोमवारी हजर व्हायचं आहे. रविवारी संध्याकाळी पोचतो. मास्तरमामांना कळव, आणि त्यांच्या पायाला तेल लाव म्हणावं.

खिडक्यांचं तुझं बरोबर आहे. डावीकडे रेघेच्या चुकीच्या बाजूला करवत धरली. प्रदर्शनात ठेवलं असतं तर कोणी तरी मोजलंच असतं. उरलेल्या भागातून तुकडा काढू, तू धरायचं, मी कापायचं. कडी काढून टाक.

कार्ड मुद्दाम पाठवतो आहे. चारी कोपरे तपासले आहेत, शाबूत आहेत.

पुंडलिकराव, आपण हे वाचत असालच. मोठ्यानं वाचा आणि लाडकीबाईंना सांगा, कोणी गेलेलं नाही. एक माणूस येतो आहे.

बळवंत